बैलाची भूक, मांजरीची भूक

दावणीच्या बैलाने सकाळी चाऱ्याला तोंड लावले नाही, ही बातमी खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात न्याहारीच्या आत सगळ्यांना कळत असे. सालदार मालकाला सांगे. मालक गोठ्यात जाऊन बैलाचे नाक ओले आहे की कोरडे ते पाही, कानाच्या मुळाशी हात लावून ताप अजमावी, रात्री रवंथ केला होता का ते विचारी आणि मग घरात हिंग, ओवा, सुंठ, काळे मीठ आणि गूळ यांची जुळवाजुळव सुरू होई. त्याच घरात धान्याच्या कोठीमागे राहणाऱ्या मांजरीने दोन दिवस काही खाल्ले नाही, तर ते कोणाच्या गावीही नसे. या दोन भुकांमधल्या अंतराला इतिहास आहे, आणि तो फैजपूरसारख्या गावातून पाहिला तर स्पष्ट दिसतो. भूक वाढवण्याचे औषध आपल्याकडे त्याच जनावराला मिळाले, ज्याच्या खाण्यात माणसाचा फायदा होता. मांजरीच्या बाबतीत फायदा तिच्या उपाशी राहण्यात आहे असे आपण धरून चाललो, म्हणून तिच्या न खाण्याला आपल्या परंपरेत साधे नावसुद्धा पडले नाही. आता तिच्यासाठी भुकेचे औषध आले आहे, पण ते द्यायला निघालेला हात अजून बैलाच्या औषधाला सरावलेला आहे. घोटाळा तिथेच होतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला, यावल आणि सावदा यांच्या दरम्यान वसलेले फैजपूर हे मुळात बैलाच्या खांद्यावर उभे राहिलेले गाव. १८८०च्या खान्देश गॅझेटिअरच्या काळात ते सुती कापडावरच्या छपाईसाठी, निळीच्या रंगकामासाठी आणि इमारती लाकडाच्या बाजारासाठी नावाजलेले होते. सातपुड्यातले लाकूड गाड्यांवरून उतरायचे, कपाशी गाड्यांवरून जायची, विहिरीचे पाणी मोटेवर यायचे, आणि या प्रत्येक ठिकाणी जोखडाखाली बैल होता. शेजारच्या सावद्याचा गुरांचा बाजार आजही माहीत नाही असा शेतकरी या भागात सापडायचा नाही. तिथे दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, गिऱ्हाईक बैलाचे दात मोजते, चाल पाहते, आणि जाणता माणूस थोडा वेळ नुसता उभा राहून बैल खातो कसा, रवंथ कसा करतो तेही पाहतो. खाणारा बैल म्हणजे ओढणारा बैल, हे इथले साधे गणित. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली आणि अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. त्या अधिवेशनाने शेतसारा, खंड आणि कर्ज यांबद्दलचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. गावाच्या अर्थकारणाचे चित्र म्हणून बैलापेक्षा नेमके दुसरे काही सापडले नसते.

अशा गावात बैलाची भूक मोडणे हा आजार म्हणून आधी ओळखला जाणार आणि त्याचा उपायही आधी तयार होणार, हे ओघानेच आले. उपायाची सामग्री माणसाच्या फडताळातून आली. हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, सैंधव यांचे हिंग्वाष्टक माणसाच्या अग्निमांद्यावर दिले जाते. त्याचाच मोठा, रांगडा भाऊ गोठ्यात गेला. गुळाच्या पाण्यात किंवा ताकात कालवलेले हे औषध बांबूच्या नळीतून पाजायचे. एकाने शिंगे धरायची, दुसऱ्याने जीभ बाजूला ओढायची, तिसऱ्याने नळी गालफडात सरकवायची. हे नुसते अंधारात तीर मारणे नव्हते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जंतूंची मोठी भट्टी असते. जनावर चारा खाते आणि ते जंतू तो आंबवून त्याला पचवायला देतात. भट्टी मंदावली की रवंथ थांबतो. तिखट-खारट पदार्थांनी लाळ सुटते, गुळाने जंतूंना चटकन पेटणारे जळण मिळते, हिंग-ओव्याने वायू सरतो. पुढे हीच पद्धत कारखान्यात गेली. बत्तीस वनौषधींचा म्हणून ओळखला जाणारा ‘हिमालयन बत्तीसा’ सहारनपूरहून पुडीत भरून गावोगावच्या दुकानांत आला आणि घरच्या कुटलेल्या मसाल्याची जागा त्याने घेतली. जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते: ज्या हिंगाशिवाय खान्देशी गोठ्याचे औषध पुरे होत नसे, तो हिंग या देशात पिकत नव्हता. तो अफगाणिस्तान-इराणकडून येई. भारतात हिंगाच्या रोपांची लागवड हिमाचलमधल्या लाहौलमध्ये झाली ती २०२०मध्ये. दावणीच्या बैलाच्या पोटासाठी माणसे काबुलीवाल्याची वाट पाहत होती, एवढी त्या पोटाची किंमत होती.

या औषधाची मर्यादाही त्याच गोठ्यात उघडी पडली, आणि पुढच्या विवेचनासाठी ती महत्त्वाची आहे. भूक मोडणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. बुळकांडीची साथ आली की बैल आधी चारा सोडी, रवंथ सोडी, आणि मग जुलाब लागून मरे. अशा वेळी कितीही हिंग पाजला तरी उपयोग नसे. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या हॅलन आयोगाचा अहवाल १८७१चा. मुंबईच्या परळमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १८८६ साली, आणि त्याला आधार होता बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाचा. तिथून गुरांचा डॉक्टर नावाचा नवा माणूस जिल्ह्याजिल्ह्यांत पोचू लागला. त्याने भुकेमागे लपलेला रोग शोधायला शिकवले. बुळकांडी जगातून गेल्याची घोषणा २०११ साली झाली; ती लसीने गेली, भुकेच्या मसाल्याने नव्हे. हा धडा जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२२मध्ये महाराष्ट्रात गुरांना झालेल्या लम्पी त्वचारोगाच्या साथीची पहिली लागण आढळली ती रावेर तालुक्यातल्या चिनावलला, म्हणजे फैजपूरच्या अगदी शेजारी. त्याही वेळी चारा सोडलेले जनावर हीच पहिली खूण होती, आणि त्याही वेळी नुसती भूक वाढवून भागणार नव्हते.

आता कोठीमागच्या मांजरीकडे वळू. जनावरांच्या वैद्यकाची आपली परंपरा थोर आहे, पण ती कोणासाठी लिहिली गेली तेही पाहावे. शालिहोत्राच्या नावाची परंपरा घोड्यांची, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हत्तींचा. राजाला युद्धासाठी जे लागे, त्याच्या भुकेवर ग्रंथ झाले. शिकारी ससाण्यांवरही ‘श्यैनिकशास्त्र’ आहे, पण ससाणा पाळणाऱ्याची कला निराळी: पक्ष्याची भूक नेमकी धारदार ठेवायची, म्हणजे तो भक्ष्यावर झेपावतो आणि हातावर परततो. मांजरीला ग्रंथ मिळाला नाही. मात्र तिच्याशी वागताना आपण नकळत ससाण्याचाच न्याय लावला. पोट भरलेली मांजर उंदीर धरत नाही, हा समज घराघरांत इतका पक्का होता की तिला थोडे उपाशी ठेवणे हाच तिच्या पाळण्याचा नियम झाला. तिच्या जिवाला लोकसमजुतीचे संरक्षण होते. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, असा धाक होता, आणि षष्ठीदेवीचे ती वाहन. पण तिला मारू नये एवढ्यापुरताच तो धाक होता. तिला जगवावे, असे त्यात कुठेच आले नाही. त्यातून मांजर पिल्लांना सात घरे फिरवते अशी ख्याती. सात घरची मांजर आज कुठल्या घरी जेवली, याचा हिशेब कोण ठेवणार? बैलाची दावण एक, मालक एक, म्हणून त्याचे उपाशीपण उघड दिसे. मांजरीचे उपाशीपण सात उंबऱ्यांत वाटले जाऊन नाहीसे होई.

सरकारी कागदांत मांजर आली तीही उंदरामुळेच. १८९६मध्ये मुंबईत प्लेग उतरला आणि पुढच्या काही वर्षांत तो खान्देश-वऱ्हाडासह सगळीकडे पसरला. उंदरावरच्या पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाच्या कामातून पुढे आले. त्याच सुमारास, १९०८मध्ये, शेजारच्या वऱ्हाडात अमरावतीला असलेल्या अँड्र्यू ब्युकॅनन या सैनिकी डॉक्टरांनी मांजर हीच प्लेगवरची ढाल आहे असा लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. त्यांनी गावोगावी किती घरांत मांजर आहे ते मोजले आणि मांजरी भरपूर असलेली गावे प्लेगपासून बचावतात असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाला आज पुष्कळ फाटे फोडता येतील. मांजरीला स्वतःलाही प्लेग होतो, हे आता ठाऊक आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातली मोजणी मोलाची आहे. या मुलुखातल्या गावांत मांजरी मोजाव्यात असे कोणाला तरी प्रथम वाटले, आणि तेव्हाही ती मोजली गेली ती उंदीर मारण्याचे साधन म्हणून. तिने काय खाल्ले हा प्रश्न त्या मोजणीत नव्हता.

उपाशी मांजरच चांगली शिकार करते, या समजाची पारख शास्त्राने पुढे केली, आणि तो टिकला नाही. इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतावरच्या मांजरींचा अभ्यास १९५३मध्ये प्रसिद्ध केला. उंदीर एकदा काढून टाकलेल्या शेतघरांत मांजरींना रोज दूध घातले, तर त्या तिथेच राहतात आणि उंदीर परत शिरू देत नाहीत. दूध घातले नाही, तर त्या भटकतात आणि घर उघडे पडते. १९७६मध्ये रॉबर्ट अ‍ॅडमेक यांच्या प्रयोगात तर आवडते खाणे खात असलेल्या मांजरीसमोर उंदीर सोडला. तिने खाणे थांबवले, उंदीर मारला, तो ताटलीजवळ आणून ठेवला आणि पुन्हा खायला लागली. शिकार आणि भूक यांच्या वाटा तिच्या डोक्यात वेगळ्या आहेत. म्हणजे कोठी राखायची असेल, तर मांजरीला जेवू घालणे हेच शहाणपणाचे होते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी तिला मुद्दाम हाल करण्यासाठी उपाशी ठेवले असे मला म्हणायचे नाही. त्यांचा तर्क चुकला, आणि तो चुकला आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण मांजरीच्या खाण्याकडे कोणी पाहतच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, हे चित्र एकांगी आहे. मांजरीला वाटीभर दूध आणि भाकरीचा तुकडा कोण देत नव्हते? घरातल्या म्हाताऱ्या आणि लहान मुले मांजरीला लाडाने खाऊ घालत, हे खरेच आहे. पण खाऊ घालणे आणि कोणी खात नाही हे ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते, तो लाड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने चारा सोडला तर मालकाची झोप उडते, ती काळजी. मांजरीच्या वाट्याला लाड आला, ही काळजी आली नाही. दुधाचे तर आणखी वेगळेच. मोठेपणी पुष्कळ मांजरींना दुधातली साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात. शिवाय मांजरीला गोडाची चवच नसते. जिभेवर गोड ओळखणारा ग्राही तयार करणारे तिचे जनुक निकामी झालेले आहे, हे २००५मध्ये सिद्ध झाले. बैलाच्या औषधातला गूळ निदान त्याच्या जिभेला कळे. मांजरीपुढे गुळाचे काही ठेवणे म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरणे.

इथेच बैलाच्या औषधाचा हात मांजरीवर चुकतो. बैल आणि मांजर ही दोन टोकांची जनावरे आहेत. बैल पाल्यापाचोळ्यातून जंतूंच्या मदतीने जगतो. मांजर निव्वळ मांसाहारी आहे. तिच्या शरीराला टॉरिनसारखे घटक मांसातूनच मिळतात, आणि ते न मिळाल्यास हृदय कमजोर होते, हे १९८७मध्ये उघड झाले. तिचे यकृत प्रथिने सतत जाळत राहते, उपासातही तो वेग कमी करत नाही. म्हणून तिने खाणे थांबवले की अंगातली चरबी यकृताकडे धावते, आणि ती पुढे पाठवायला लागणारी प्रथिने नसल्याने यकृत चरबीने भरून जाते. हा यकृताचा विकार काही दिवसांत जीव घेऊ शकतो, आणि लठ्ठ मांजरीला त्याचा धोका अधिक. बैलाला ‘दोन दिवस पाहू’ म्हणून वेळ देता येत असे. मांजरीला तसा देता येत नाही. तिच्या यकृताची दुसरी अडचण अशी की माणसाची काही साधी औषधे ते निकामी करू शकत नाही. घरातली पॅरासिटामॉलची एक गोळी तिला मारायला पुरते. कांदा-लसणाने तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हिंगाच्या वासाने ती ताटलीपासून आणखी लांब जाते. परंपरेत बैलाची भूक वाढवण्यासाठी जे जे फडताळात होते, त्यातले जवळपास काहीच तिच्या कामाचे नाही.

तिच्यासाठी जी औषधे आली, ती वेगळ्याच वाटेने आली. सिप्रोहेप्टाडीन हे १९६०च्या दशकातले अ‍ॅलर्जीवरचे औषध. ते घेणारी मुले खायला लागतात आणि जाड होतात, हा त्याचा दुष्परिणाम दिसला. मिर्टाझापिन हे १९९०च्या दशकात आलेले माणसाच्या नैराश्यावरचे औषध. त्यानेही भूक वाढते, वजन वाढते. माणसाच्या दृष्टीने जे दुष्परिणाम, तेच पशुवैद्यांनी मांजरीसाठी गुण म्हणून उचलले. २०१८मध्ये अमेरिकेत मांजरीचे वजन वाढवण्यासाठी मिर्टाझापिनचे मलम मंजूर झाले. ते कानाच्या आतल्या बाजूला बोटाने चोळायचे असते. बांबूची नळी आणि त्यामागची तीन माणसे यांच्याशी ताडून पाहिले तर हे औषध फारच सौम्य वाटते. २०२०मध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात वजन घटलेल्या मांजरींसाठी कॅप्रोमोरेलिन मंजूर झाले. पोटातून निघणारा आणि भुकेचा संदेश मेंदूला देणारा घ्रेलिन हा पदार्थ १९९९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधला होता. कॅप्रोमोरेलिन त्याचीच नक्कल करते. मांजरीच्या भुकेवर प्रयोगशाळा, कंपन्या आणि सरकारी मंजुरी इतकी यंत्रणा उभी राहिली, आणि तीही तिने उंदीर मारावा म्हणून नव्हे, ती जगावी म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या भागात वादळाने केळीच्या बागा झोपतात, कपाशीचे भाव पडतात आणि शेतकरी कर्जात बुडतो, तिथे मांजरीच्या भुकेची चर्चा ही चैन नव्हे का? बैलाशी तुलना करता हा आक्षेप बरोबर आहे, कारण बैलावर झालेला खर्च परत येत असे. पण मांजरीच्या बाबतीत योग्य ज्ञानाचा खर्च फारसा नाही. खाणे कोमट करून दिले तर वास उठतो आणि नाक चोंदलेली मांजर कित्येकदा तेवढ्याने खायला लागते. खरा खर्च अज्ञानाचा आहे: माणसाच्या गोळीचा तुकडा करून दिला जातो, जबडा उघडून अन्न कोंबले जाते आणि ते फुप्फुसात जाते, आणि आठवडाभराने मांजर दवाखान्यात येते तेव्हा यकृत गेलेले असते. भुकेच्या गोळीवरही तोच जुना धडा लागू होतो, जो बुळकांडीने दिला होता. दात दुखत असेल, मूत्रपिंड निकामी होत असेल, आतड्यात दोरा अडकला असेल, तर भूक वाढवणारे औषध फक्त खूण पुसते. आतडे बंद असताना खायला लावणे तर घातकच. गोठ्यातल्या जाणत्या माणसाने नाक, कान आणि रवंथ पाहिल्यावरच हिंगाकडे हात नेला, त्या क्रमातच त्याची अक्कल होती. बैलाच्या वैद्यकातून मांजरीसाठी उचलण्यासारखे काही असेल तर तो क्रम. मसाला तिथेच ठेवावा.

गुरांचे दवाखाने १ मे १९६२पासून जिल्हा परिषदांकडे आले, आणि त्यांची घडण गोठ्यासाठीच झाली: लसीकरण, कृत्रिम रेतन, पोटफुगी, खुरी. त्यात गैर काही नाही. गाव ज्यावर जगते त्यासाठीच गावचा दवाखाना असणार. पण आता गोठ्यांत बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त आहेत, आणि घराच्या आत मांजर राहू लागली आहे. तिची दावण एक झाली, ताटली एक झाली, त्यामुळे तिने खाल्ले नाही हे पहिल्यांदाच सकाळी दिसू लागले. म्हणून एवढेच सांगतो: मांजरीची ताटली एक दिवस भरलेली राहिली तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका, घरातली कुठलीही गोळी देऊ नका, तिला पशुवैद्याकडे न्या आणि औषध व त्याची मात्रा त्यांनाच ठरवू द्या. सरकारच्या हिशेबात मात्र ती अजून सात घरचीच आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाय-म्हशींपासून याक, मिथुन, हत्ती, कुत्रा आणि सशापर्यंत जनावरांची मोजदाद ठरली. त्या यादीत मांजर नाही.